कॅम्परव्हॅन घेऊन उन्हाळ्यात डोंगरवाटा चालताय? या चुका टाळा

जून-जुलैत भारतातून आई-बाबा आले, की कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात दोन दिवस जायचा बेत होतो. वाटा सुंदर, उजेड रात्री साडेनऊपर्यंत, तरी शनिवार फुकट जातो. चूक बहुधा वाटेत नसते, गाडी उभी करतानाच झालेली असते.

गाडीची उंची माहीत नसणं

उंच छपराची व्हॅन अडीच ते तीन मीटर भरते, आणि बऱ्याच पार्किंगच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटरवर आडवा दांडा असतो. मागे गाड्यांची रांग लागलेली, मग घाईत शेताच्या फाटकासमोर व्हॅन लावली जाते. हे करूच नका. हे गवतकापणीचे दिवस, ट्रॅक्टरला नेमकं तेच फाटक लागतं. उंची मीटर आणि फूट दोन्हींत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

कॅसलटन गावाहून मॅम टॉर डोंगराकडे जाताना आणखी एक गंमत. डोंगर सतत घसरत असल्यामुळे जुना मुख्य रस्ता १९७९ मध्ये कायमचा बंद झाला. आता वर जायचं तर अरुंद, खड्या चढाचा विनॅट्स पास. त्यापेक्षा व्हॅन मुक्कामाच्या कॅम्पसाइटवरच ठेवून तिथूनच चालायला लागा. एडेल आणि होप ही लागोपाठची रेल्वे स्टेशनं आहेत, त्यामुळे एका बाजूने चालून दुसऱ्या बाजूने ट्रेनने परतता येतं.

परत आल्यावर दूध नासलेलं

व्हॅनमधला तीन-मार्गी फ्रिज, म्हणजे गाडीची बॅटरी, गॅस आणि साइटची वीज या तिन्हींवर चालणारा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर फक्त इंजिन चालू असताना चालतो. गाडी थांबली की तो गॅसवर किंवा साइटच्या विजेवर टाकावा लागतो. काही मॉडेलं हे आपोआप करतात, पण निघण्याआधी खात्री करा.

गॅसवर टाकूनही थंड होत नसेल तर गाडी तिरकी आहे का बघा. या फ्रिजमध्ये पंप नसतो, अमोनियाचं द्रावण उताराने वाहत फिरतं. गाडी कलली की ते अडतं. फ्रिजच्या तळावर पाणसळ ठेवा आणि खालच्या चाकाखाली रॅम्प सरकवा. फ्रिजची गाडीबाहेरची जाळी दुपारच्या उन्हाकडे तोंड करून असेल तर गाडी फिरवून लावा. आणि फ्रिज आदल्या रात्रीच चालू करा, श्रीखंडाचा डबा गार फ्रिजमध्येच जाऊ दे.

चहाच्या वेळी वीज गेली? घरची ३ किलोवॉटची किटली १३ अँपियर ओढते, साइटचा पुरवठा १० चा असेल तर ब्रेकर पडणारच. कमी वॉटची किटली न्या. केबल मात्र पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते.

नकाशावरची प्रत्येक तुटक रेघ वाट समजणं

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या वाटा. काळी तुटक रेघ जमिनीवर वाट आहे एवढंच सांगते, जायचा हक्क नाही. खांबावरचा पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळ्या बाणाच्या वाटेवर सायकली आणि घोडेही येतात. दरीत सिग्नल जातो, म्हणून नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या.

वेळेचा हिशेब

ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त, हा जुना ठोकताळा. १२ किमी आणि ४०० मीटर चढ म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त, तेही न थांबता. ज्येष्ठ मंडळी असतील तर दीडपट धरा. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या, म्हणजे स्टाइल, गुडघ्यांची परीक्षा बघतात.

गाईंशी लगट

वासरं सोबत असलेल्या गाईंना नमस्कार लांबूनच. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, कडेने वळसा घाला. सोबत कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या, तर दोरी सोडा. तो पळून सुटतो, दोरी धरून ठेवणारा सापडतो.

गोचीड न तपासणं

उंच गवत आणि नेच्यांतून चालताना लांब पँट घाला, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत बघा. चिकटलेली गोचीड दिसली तर तेल, व्हॅसलीन, पेटती काडी काही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश वर ओढा. तारीख आणि जागा लिहून ठेवा. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराचं गोल पसरणारं लाल वळ बहुतेक वेळा एक ते चार आठवड्यांत दिसतं, कधी तीन महिन्यांनीही. तोवर आई-बाबा भारतात परतलेले असतील, त्यामुळे ती चिठ्ठी त्यांच्या फाइलमध्ये ठेवा. तिकडच्या डॉक्टरांच्या मनात हा आजार पटकन येत नाही.