गार्टर सापासाठी चढायची पेटी कशी तयार करावी

गार्टर साप काही झाडावर राहणारा साप नव्हे. मूळचा उत्तर अमेरिकेतला, दिवसा हिंडणारा हा चपळ साप ओढे, तळी आणि ओल्या कुरणांच्या आसपास राहतो, आणि बहुतेक वेळ जमिनीवरच असतो. पण ऊन खायला तो झुडपात चढतो, आणि पेटीत चांगल्या फांद्या असल्या तर त्यांचा भरपूर वापर करतो. म्हणून उंच, अरुंद पेटी घेण्याच्या भानगडीत पडू नका. लांबरुंद पेटी घ्या आणि तिच्यात चढ-उताराच्या वाटा करा.

पेटी. एका किंवा दोन प्रौढ सापांसाठी साधारण १२० सें.मी. लांब, ५० सें.मी. रुंद आणि ६० सें.मी. उंच पेटी पुरते. दार समोरून उघडणारं असावं. वरून येणारा हात सापाला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि तो घाबरतो. दारांमधली फट, वायरीचं भोक, जाळीची कड हे सगळं नीट तपासा. डोकं शिरलं की मागून अंग शिरतंच. नुकतं जन्मलेलं पिल्लू तर पेन्सिलीहून बारीक असतं. त्याला आधी छोट्या डब्यात वाढवलेलं बरं.

फांद्या. माती घालण्याआधी फांद्या बसवा. जाडी सापाच्या अंगाइतकी किंवा थोडी जास्त असावी, साल खरखरीत असावी. गुळगुळीत गोल दांड्यावरून साप घसरतो. बाहेरून आणलेली फांदी घासून धुवा, उकळत्या पाण्यातून काढा आणि पूर्ण वाळू द्या. चिकाची किंवा उग्र वासाची लाकडं, म्हणजे देवदार, पाइन वगैरे, नकोतच.

सगळ्यात जास्त विचार मांडणीचा करा, कारण नुसत्या शोभेच्या फांदीकडे साप ढुंकूनही पाहत नाही. प्रत्येक फांदी कुठेतरी पोचली पाहिजे: एक जमिनीवरून तिरपी दिव्याखालच्या जागेकडे, दुसरी तिथून आडवी थंड बाजूच्या आडोशाकडे, तिसरी खाली पाण्याच्या भांड्याजवळ. उभ्या फांद्यांपेक्षा आडव्या आणि तिरप्या जास्त कामाच्या. मध्ये बुचाच्या सालीचा एखादा रुंद तुकडा फळीसारखा बसवा. अंग पसरून पडायला साप अशीच जागा निवडतो. मनी प्लांट किंवा प्लास्टिकची पानं भरपूर घाला. उघड्या फांदीवर बुजरा साप चढत नाही.

लाकडी पेटी असेल तर बाहेरून स्क्रू मारून फांदी घट्ट करा. काचेच्या पेटीत मत्स्यालयासाठी मिळणारं सिलिकॉन वापरा आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका. मग फांदी हाताने दाबून, पिळून पाहा. ती हलली किंवा फिरली तर काम पुन्हा करा. चिकटपट्टी मात्र पेटीत कुठेही लावू नका. ती सापाला चिकटली तर सोडवताना खवले निघतात.

ऊब. दिवा पेटीच्या एका टोकाला लावा आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणावर, चालवा. ऊन खायच्या जागी ३० ते ३२ अंश सेल्सिअस, थंड टोकाला २१ ते २४. तापमान जमिनीवर नाही, फांदीच्या उंचीवर मोजा. दिव्याच्या जवळ गेलं की ते झपाट्याने वाढतं. दिवा आत असेल तर त्याला जाळीचं संरक्षण हवंच, कारण साप गरम दिव्यालाही वेटोळं घालतो आणि भाजून घेतो. कमी तीव्रतेचा यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवाही लावावा, असं माझं मत आहे. रात्री सगळे दिवे बंद.

जमीन. रासायनिक खत नसलेली माती आणि नारळाचा भुसा मिसळून ५ ते ८ सें.मी. थर द्या. वरून पडलेल्या सापाला तो मऊ लागतो. जड दगड पेटीच्या तळावर टेकवा, मातीवर नको. साप खाली उकरत गेला तर दगड त्याच्यावर बसेल. दोन्ही टोकांना एकेक आडोसा, त्यातल्या एकात ओलं शेवाळ, आणि साप पूर्ण बसेल एवढं पाण्याचं भांडं ठेवा. पण जमीन कोरडीच राहू द्या. गार्टर साप पाण्याकाठचा म्हणून पेटी चिंब ठेवली, तर पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात.

साप सोडण्याआधी दोन-तीन दिवस पेटी तशीच चालवून तापमान पाहत राहा. दोन साप एकत्र असतील तर खाऊ घालताना वेगळे करा; एकच गांडूळ दोघांनी दोन टोकांनी धरलं, तर मोठा साप लहान्यालाही गिळू शकतो. पेटीत हात घातल्यावर साबणाने धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. आणि पहिली कात टाकल्यावर ती कुठे अडकली होती ते बघा: तिथे टोकदार फांदी असेल तर घासून गोल करा.