‘होईल सवय’च्या भरवशावर राहू नका: वॉर्डातल्या गोंगाटात नव्या डॉक्टरांच्या चुका

रेसिडेन्सीच्या (रुग्णालयात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणाच्या) पहिल्या आठवड्यात सिनियर एक वाक्य हमखास ऐकवतात, “होईल सवय.” आणि होतेही. ट्रॉलीची खडखड, नातेवाइकांची गर्दी, मामा-मावशींच्या (वॉर्डातल्या मदतनीसांच्या) हाका, कॅज्युअल्टीबाहेरचा १०८ अॅम्ब्युलन्सचा सायरन, यातलं काहीच थोड्या दिवसांनी जाणवेनासं होतं. पंचाईत अशी की कान निवड करत बसत नाही. ज्या आवाजाची सवय व्हायलाच नको, तोही त्याच ओघात मागे पडतो. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

मॉनिटर वाजला की सायलेन्स दाबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आयसीयूतले बहुसंख्य अलार्म खोटे किंवा बिनकामाचे असतात, हे अनेक ठिकाणी मोजून झालं आहे. त्यामुळे हात आपोआप बटणाकडे जातो. याला अलार्म फटीग, म्हणजे अलार्मचा थकवा, म्हणतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४ पासून अलार्मचं व्यवस्थापन रुग्णसुरक्षेच्या उद्दिष्टांत घातलं, इतका हा प्रश्न गंभीर आहे.

क्रम एकच ठेवा: आधी पेशंट, मग स्क्रीन, मग बटण. अलार्म खोटा निघाला तरी काम संपलेलं नसतं, तो का वाजतोय ते शोधायचं. बीपीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) आणि सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) प्रोब एकाच हाताला लावलेत का? मग कफ फुगला की दर वेळी सॅच्युरेशन ‘पडणारच’. प्रोब दुसऱ्या हाताला लावा. ईसीजीच्या इलेक्ट्रोडची जेल वाळली असेल किंवा घामाने ते सुटले असतील तर बदला. रोज बदलले तर निम्मी कटकट येतच नाही. बोटं गार आहेत का, नेलपॉलिश आहे का, तेही बघा.

लिमिट्सकडे तर फारच थोडे जण बघतात. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) ज्या पेशंटला कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे, त्याचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्के ठेवायचं असतं. खालची मर्यादा ९० वरच सोडली, तर मशीन रात्रभर बोंबलणार आणि पहाटे खरोखर गरज असेल तेव्हा कुणी मान वर करणार नाही. सिनियरला विचारून मर्यादा पेशंटप्रमाणे लावा, केस पेपरवर नोंदवा आणि सिस्टरना सांगा.

एक गोष्ट मात्र आवर्जून कानात बसवून घ्या. बऱ्याच मॉनिटरवर सॅच्युरेशन उतरत गेलं की नाडीच्या बीपचा सूरही खाली येतो. भूल देणारे डॉक्टर स्क्रीनकडे पाठ असतानाही अचानक वळून बघतात, ते यामुळेच.

ऐकू आलं नाही तरी आकडा लिहिणं

गजबजलेल्या वॉर्डात कोरोटकॉफचे आवाज (बीपी मोजताना स्टेथोस्कोपमधून येणारे ठोके) नीट ऐकू येत नाहीत, आणि मग जन्माला येतं ते सर्वांचं लाडकं ११०/७०. ओळीने चार पेशंटना तेच बीपी दिसलं की राऊंडला सरांच्या लगेच लक्षात येतं. आधी मनगटाची नाडी चाचपत कफ फुगवा. नाडी लागेनाशी होते तिथून आणखी २०-३० मिमी वर नेऊन मग स्टेथोस्कोप लावा. तरीही ऐकू आलं नाही, तर नाडीवरून मिळालेलं वरचं बीपी ‘पॅल्पेटरी’ (चाचपून घेतलेलं) असं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही. स्टेथोस्कोपच्या कानातल्या टोकांचा रोख पुढे, नाकाच्या दिशेने हवा. उलटा घालून “डायफ्राम (छातीला टेकवायची चकती) खराब झालाय” म्हणणारे दर बॅचला निघतात. नळी कपड्यांना घासू देऊ नका. मिनिटभर पंखा बंद केला, तर मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) ऐकताना फरक कळतो.

तोंडी ऑर्डर एकदाच ऐकून पळणं

फिफ्टीन आणि फिफ्टी यांत गोंगाटाने घोटाळा होतो. मराठीत सांगून सुटका नाही: एकोणसत्तर आणि एकोणऐंशी फोनवर ऐकून बघा, त्यात सिस्टर केरळच्या असल्या तर विचारूच नका. ‘पाच-शून्य, फाइव्ह-झीरो’ असे अंक सुटे सांगा. औषधाचं नाव, डोस आणि मार्ग समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

खोलीवर आल्यावर हेडफोनचा आवाज वाढवणं

बाहेरचा आवाज दाबायला आत दुसरा कशाला? वाचताना शब्द असलेली गाणी तर नकोतच. समजणारी बोली, मग ती मेसमधली असो की गाण्यातली, पाठांतरात सर्वात जास्त आडवी येते. पंख्याची एकसुरी घरघर परवडते.

झोपेचंही तसंच. “मला काही फरक पडत नाही” म्हणणाऱ्याची झोप वरून सलग दिसते, पण आवाज झाला की नाडी वाढते, झोप उथळ होते. नाइटनंतर दिवसा झोपायचं असेल तर फोमचे इअरप्लग घ्या. ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवू नका: बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ऑन-कॉल असाल तेव्हा मात्र प्लग नको.

कान धडधाकट आहेत असं धरून चालणं

पुण्यात शिकणाऱ्याला हा जास्तीचा पेपर असतो. गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालू होतात. त्यांत मेडिकलची मुलंमुलीही असतात, आणि वाजवू नका असं मी म्हणणार नाही. पण हिशेब माहीत असू द्या: ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. दोन तास ताशाशेजारी उभं राहणाऱ्याने कानात प्लग घालावेत. ऑर्थोच्या (हाडांच्या) ऑपरेशन थिएटरमध्ये करवत आणि ड्रिल चालू असताना रोज उभं राहणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाऊडस्पीकरला बंदी आहे आणि रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येतात. तिथली मर्यादा दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल. सणात ठरावीक दिवशी सवलत मिळते, एरवी ११२ वर तक्रार करता येते.

सरावानंतर कान गुणगुणले, तर तो इशारा आहे. दुसऱ्या दिवशीही गुणगुण गेली नाही, तर ईएनटीची ओपीडी तुमच्याच आवारात आहे. केस पेपर काढा आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या.