गोणपाटावर जुन्या टी-शर्टचं पायपुसणं

पंचवटीच्या मार्केट यार्डाजवळ रिकामं बारदान मिळतं. वीण सरळ असलेलंच घ्या. धुऊन वाळवा, 18 बाय 24 इंचांच्या नक्षीभोवती 4 इंच सोडून कापा आणि फ्रेमवर डफासारखं ताणा. सैल राहिलं की फास, म्हणजे पट्टीचे वर ओढलेले वेढे, लहान-मोठे येतात.

टी-शर्टच्या 1 सेंमी रुंद पट्ट्या कापा. कापड नक्षीच्या साधारण चौपट लागतं. पट्टी बारदानाखाली डाव्या हातात धरा, क्रोशाची जाड सुई वरून छिद्रात घाला आणि पट्टीच्या रुंदीइतक्याच उंचीचा फास वर ओढा. आधीचा फास निसटतोय? सुई त्याच्याकडे झुकवून ओढा, म्हणजे तो टिकतो. प्रत्येक छिद्र भरायचा मोह नको, अधूनमधून एखादं सोडा. दाटी झाली की कडा वर वळतात. गाठी नकोतच, टोकं वर काढून फासांच्या उंचीला कापा.

शेवटी दीड इंच ठेवून कड दुमडून शिवा. न्हाणीघराबाहेर मात्र टाकू नका, ताग ओलाव्याने कुजतो.