कडीपाटाच्या जमिनीतल्या फटी: कुठे काय भरावं

लाकडी जमिनीला फट पडली की बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "लाकडात भरायची लांबी द्या" म्हणतात आणि दुकानदार जो डबा पुढे करेल तो घेऊन येतात. पुढचा पावसाळा गेला की ती लांबी, म्हणजे फटीत भरायचा तो लगदा, कपच्या कपच्या होऊन केरात निघते. फळीच्या मधोमध पडलेल्या खिळ्याच्या भोकाला जे चालतं, ते दोन फळ्यांमधल्या फटीला चालत नाही. डबा निवडण्याआधी हे ओळखलं, तर पैसा आणि मेहनत दोन्ही वाचतात.

हा लेख जुन्या घरांतल्या उघड्या फळ्यांबद्दल आहे: पुण्या-नाशिककडच्या वाड्यांमधला कडीपाट (लाकडी कड्यांवर म्हणजे तुळयांवर फळ्या बसवून केलेली जमीन), कोकणातल्या घरांची माडी. काही वाड्यांत फळ्यांवर मातीचा थर देऊन वर फरशी बसवलेली असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

पहिली पायरी: फट हलते का ते पाहा

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे रुंदीत फुगतं व आकसतं. फळीच्या लांबीच्या दिशेनं हा फरक नगण्य असतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ३० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांपर्यंत उतरतो. तीच ८० टक्क्यांवर राहिली तर तो १६ टक्क्यांकडे जातो. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी आणि आषाढातली झड यांत देशावरच्या घराला जवळजवळ एवढा फरक सोसावा लागतो. सागवान इतर लाकडांच्या मानानं कमी हलतं. तरीही २० सेंमी रुंदीच्या फळीतला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर ती साधारण १ ते २ मिमी फुगते. ओंडका कसा चिरला होता यावर नेमका आकडा ठरतो. जुन्या घरांतल्या फळ्या रुंद असतात, म्हणून त्यांच्या फटीही मोठ्या दिसतात.

वेळ असेल तर फटीची रुंदी मे महिन्यात मोजा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच जागी मोजा. भिंतीवर पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवला तरी पुरे. वेळ नसेल तर जुनी लांबी बघा. ती दोन्ही कडांनी सुटलेली किंवा मधून चिरलेली असेल तर फट हलते आहे. मग एकानं फळीवर उभं राहून वजन इकडून तिकडे टाकावं आणि दुसऱ्यानं खाली वाकून बघावं. फळी कडीवर आपटत असेल, करकरत असेल, तर आधी ती स्क्रूनं कडीला घट्ट करून घ्या. हलत्या फळीच्या कडेला जगातली कुठलीही लांबी टिकणार नाही.

त्याच वेळी पटाशीचं टोक संशयाच्या जागी दाबून बघा. ते सहज रुतलं तर लाकूड कुजलंय. वर कौल गळत असेल तर आधी ते बदलायला हवं. बारीक भोकांखाली पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर किडा अजून आत आहे. त्याच्यावर औषध केल्याशिवाय भोकं बुजवू नका, नाहीतर किडा आत चालू आहे की मेला हे कळायचा मार्गच बंद होतो.

दुसरी पायरी: जागा साफ करणं

जुनी लांबी, मेण, धूळ, सारवलेल्या शेणमातीचे कण, सगळं पातळ पट्टीनं आणि ब्रशनं खरवडून काढा, मग व्हॅक्यूम फिरवा. फटीच्या कडांवर धूळ राहिली तर भरलेलं साहित्य लाकडाला न चिकटता धुळीला चिकटतं. सागवानात तेलकटपणा असतो, म्हणून गोंद किंवा इपॉक्सी लावण्याआधी ती जागा ॲसिटोननं किंवा थिनरनं पुसून घ्यावी. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास देवघरातला दिवा तेवत नाही ना, हे बघा. जुना तैलरंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा आणि मास्क लावा. सागाची धूळसुद्धा नाकाला आणि कातडीला त्रास देते.

तिसरी पायरी: कुठे काय भरायचं

भोकं, गाठींचे खड्डे, ओरखडे फळीच्या अंगातच असतात आणि फळीबरोबरच हलतात, म्हणून इथे कडक साहित्य चालतं. खिळ्याच्या भोकाएवढं बारीक काम असेल तर त्याच लाकडाची बारीक पूड आणि पांढरा गोंद हे घरगुती मिश्रण पुरेसं आहे. पूड काचपेपरनं घासून निघालेली घ्या, करवतीचा जाडा भुसा नको. गोंदातलं पाणी सुकलं की मिश्रण बसतं, म्हणून एकदम न भरता दोन थरांत भरा आणि शेवटचा थर किंचित उंच ठेवा. या मिश्रणाचे दोन दोष आहेत. सुकल्यावर ते पॉलिशचा रंग नीट घेत नाही, आणि साधा पांढरा गोंद सतत ओलं पुसण्यानं नरम पडतो. जिथे रोज ओलं फडकं फिरतं तिथे पाणी सोसणारा गोंद मागून घ्या.

निखळलेल्या गाठीची जागा, कुजका भाग काढल्यावर राहिलेला खड्डा, तुटलेला कोपरा अशा ठिकाणी दोन भागांची इपॉक्सी लांबी वापरावी. ती सुकताना जवळजवळ आकसत नाही आणि पायाखाली टिकते. खड्डा मात्र धड लाकूड लागेपर्यंत कोरलेला हवा. इपॉक्सी पुन्हा काढणं फार कठीण असतं, तेव्हा जितकी लागेल तितकीच घाला. खड्डा हाताच्या पंजाएवढा असेल तर तेवढा तुकडा कापून तिथे लाकडाचंच ठिगळ बसवणं मला नेहमी जास्त पटतं.

मेणाच्या रंगीत कांड्या पॉलिश झाल्यानंतरच्या बारीक दुरुस्तीसाठी आहेत. मेणावर पॉलिश धरत नाही, म्हणून त्या सगळ्यात शेवटी वापरायच्या. लाखेची कांडी कपाटाला छान, पण जमिनीवर मोठ्या जागी भरली की पायाखाली ठिसूळ होऊन उडते.

फळ्यांमधल्या फटींचा विचार वेगळा करावा लागतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. वैशाखात फट सर्वांत रुंद असताना तिच्यात कडक लांबी ठासून भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही. मग लांबी वर ढकलली जाते किंवा फळ्यांच्या कडा उचलतात. थंडी-उन्हाळ्यात फळ्या पुन्हा आकसल्या की लांबीच्या बाजूनं नवीन फट दिसते. भिंतीची पांढरी पुट्टी किंवा पीओपी इथे चुकूनही नको. भिंत सारवल्यासारखं तात्पुरतं समाधान मिळतं आणि नंतर तिचे पांढरे कण वर्षानुवर्षं कडांत अडकून राहतात.

फट २ मिमीपेक्षा कमी असेल तर ती तशीच ठेवा. हा सल्ला कुणाला आवडत नाही, पण जुन्या जमिनीला तेवढी सैल जागा हवीच असते.

त्याहून रुंद, ५–६ मिमीपर्यंतच्या हलत्या फटीला लवचीक साहित्य हवं. तळाशी फोमची गोल दोरी किंवा सुतळी दाबून बसवायची आणि वर लाकडी रंगाचं ॲक्रिलिक सीलंट भरायचं. सीलंट दोन बाजूंच्या फळ्यांनाच चिकटावं, तळाला चिकटू नये, म्हणजे ते मोकळेपणानं ताणलं जातं. तळाला दोरी असते ती त्यासाठीच. थर फटीच्या रुंदीपेक्षा खोल नको. सिलिकॉन टाळा. त्याचा अंश लाकडावर राहिला की पुढे कधीही त्या जागी पॉलिश नीट बसत नाही.

नुसती दोरीसुद्धा चांगली चालते, आणि पुढे काढता येते म्हणून जुन्या घरासाठी मला ती विशेष आवडते. पॉलिशच्या रंगात बुडवून वाळवलेली सुती दोरी बोथट पटाशीनं फटीत दाबायची, पृष्ठभागापेक्षा थोडी खाली. लाकडी गलबतांच्या फळ्यांमध्ये कापूस ठासण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर जुनीच आहे. घरात वाळवी येऊन गेली असेल तर मात्र ताग-कापूस सोडा आणि फोमची दोरी घ्या.

६ मिमीच्या वरच्या लांबलचक फटीला लाकडाची चीप, म्हणजे पातळ पट्टी, मारणं हेच खरं काम. चीप त्याच जातीच्या लाकडाची असावी आणि तिच्या रेषा फळीच्या रेषांच्या दिशेनं असाव्यात. जुन्या लाकडाच्या वखारीत पाडलेल्या घरांच्या फळ्या, कड्या मिळतात. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, नवं ओलसर लाकूड पुढे आकसतं. चीप खालच्या बाजूला किंचित निमुळती करा, गोंद एकाच बाजूला लावा आणि लाकडी हातोड्यानं हळूहळू ठोकत बसवा. दोन्ही बाजूंना गोंद लावला तर दोन फळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि फट दुसरीकडे उघडते, नाहीतर फळीच चिरते. गोंद सुकल्यावर जास्तीचा भाग रंध्यानं उतरवून घ्या.

चौथी पायरी: रंग जुळवणं

आधी फळीवर थोडं स्पिरिट पुसा. ओल्या लाकडाचा जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशनंतर येणार असतो. लांबी त्या रंगाशी जुळवायची, कोरड्या लाकडाशी नाही. दोन छटांमध्ये अडलात तर गडद घ्या. गडद ठिपका लाकडाच्या रेषेत मिसळतो, फिकट ठिपका दारातूनच दिसतो. बर्मा सागवान, बल्लारशा सागवान आणि कोकणातला पिवळट फणस यांना एकाच डब्यातला "टीक" रंग जुळणार नाही. टाकाऊ तुकड्यावर लांबी लावून, सुकवून, त्यावर पॉलिश मारून बघा, मगच जमिनीला हात लावा.

पाचवी पायरी: कधी आणि कसं भरायचं

कडक उन्हाळा आणि भर पावसाळा दोन्ही टाळा. दिवाळीनंतरचे आठवडे उत्तम, कारण तेव्हा फट मधल्या मापाला असते आणि पुढे दोन्हीकडे हलायला वाव राहतो. भरण्यापूर्वी फटीच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा. सीलंट ओलं असतानाच टेप ओढून काढा. कडक लांबी पूर्ण सुकल्यावर आधी १२० नंबरच्या, मग १८० च्या काचपेपरनं रेषांच्या दिशेनं घासा. सीलंट घासता येत नाही, ते पॉलिश झाल्यावरच भरावं.

अळशीच्या तेलाची लांबी किंवा पॉलिश वापरलं असेल तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका. लाकडी घरात ही खबरदारी जिवाची आहे.

फ्लॅटमधल्या लॅमिनेटचं काम सोपं आहे. वरचा थर लाकडाचा नसल्यामुळे घासणं, पॉलिश वगैरे काही नाही. ओरखड्याला रंगीत मेण किंवा त्या कंपनीची दुरुस्तीची पेस्ट लावा. पाण्यानं कडा फुगल्या असतील तर तो तुकडाच बदलावा लागतो.

काम संपल्यावर कुठल्या खोलीत काय भरलं, कोणत्या रंगाचं आणि कोणत्या महिन्यात, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या सुताराला कुठे रंधा चालेल आणि कुठे इपॉक्सीवर पातं बोथट होईल, हे त्यावरूनच कळेल.