नोडमधला ‘न्यू बफर’: मेमरीची गळती शोधा आणि बुजवा

नोड-जेएस म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली, आणि बफर म्हणजे बाइट ठेवायचा मेमरीचा तुकडा. जुन्या नोड-जेएसमध्ये ‘न्यू बफर’ला स्ट्रिंग दिली की तिचे बाइट मिळत, आकडा दिला की तेवढ्या आकाराचा कोरा बफर. कोरा कसला, न पुसलेलाच! नोड ८.० च्या आधी त्या जागेत पासवर्ड, टोकन, दुसऱ्याच युजरचा डेटा, जे पडलेलं असेल ते हाती येई. क्लायंटने जेसनमध्ये नावाऐवजी १००० पाठवले आणि सर्व्हरने तो बफर हेक्स करून (सोळा-आधारी आकड्यांत) परत दिला, की हजार बाइट बाहेर. ‘डब्ल्यूएस’ या वेबसॉकेट पॅकेजच्या पिंगमध्ये हीच चूक होती, १.०.१ मध्ये ती सुधारली.

आधी कोडमध्ये ‘बफर’ आणि लगेच कंस असं ग्रेप करा, म्हणजे मजकूर शोधा. ‘न्यू’ धरून शोधू नका, त्याच्याशिवायही तो चालतो. न पुसलेली जागा देणारे ‘स्लोबफर’ आणि ‘अलॉक-अनसेफ’ही शोधा. नोड १० पासून ‘न्यू बफर’ वापरला की इशारा येतो, पण नोड-मॉड्यूल्समधल्या (बाहेरून घेतलेल्या पॅकेजच्या) कोडसाठी नाही; म्हणून टेस्ट ‘पेंडिंग-डेप्रिकेशन’ आणि ‘थ्रो-डेप्रिकेशन’ हे दोन्ही फ्लॅग लावून चालवा: पहिला तिथलाही इशारा दाखवतो, दुसरा त्याची एरर करतो.

बदल सोपा आहे. आकार हवा तिथे ‘बफर.अलॉक’, मजकूर हवा तिथे ‘बफर.फ्रॉम’. ‘फ्रॉम’ला आकडा दिला तर तो टाइप-एरर फेकतो, खरा फायदा हाच. आकार क्लायंटकडून येत असेल तर कमाल मर्यादा घालाच, नाहीतर गळती थांबेल आणि मेमरी संपेल.

‘अलॉक-अनसेफ’ आजही पुसत नाही. एकूण एक बाइट तुम्ही भरणार असाल तरच वापरा. फाइल वाचताना मागितले त्यापेक्षा कमी बाइट आले, तर तेवढाच भाग ‘सबअॅरे’ने कापून पुढे द्या. मराठी मजकुरात तर हमखास फसायला होतं: ‘नमस्कार’मध्ये ७ कोड पॉइंट (युनिकोडची चिन्हं), यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. बफर २० चा असेल तर ‘राइट’ अर्धं अक्षर लिहीत नाही. १८ भरतात, उरलेल्या २ मध्ये जुनंच काहीतरी राहतं. आकार ‘लेंग्थ’वरून नको, ‘बफर.बाइटलेंग्थ’वरून काढा.

‘फ्रॉम’ आणि ‘अलॉक-अनसेफ’चे छोटे बफर एका सामायिक पूलमधून (आधीच घेतलेल्या मेमरीच्या मोठ्या तुकड्यातून) येतात. त्यांचं ‘.बफर’ थेट दुसऱ्या कोडला दिलं की अख्खा पूल जातो. ‘बाइटऑफसेट’ आणि ‘बाइटलेंग्थ’ सोबत द्याच.

जुना कोड लगेच बदलता येत नसेल तर ‘झिरो-फिल-बफर्स’ फ्लॅग लावा. वेग कमी होतो, पण तोवर निभतं. गळकं एंडपॉइंट (विनंती घेणारा सर्व्हरचा पत्ता) इंटरनेटवर उघडं होतं असं दिसलं, तर पॅच लावल्यावर सेशन सिक्रेट, डेटाबेसचे पासवर्ड आणि टीएलएसची एन्क्रिप्शन-की बदला. लॉगमध्ये फार तर विनंती दिसेल, उत्तरात काय गेलं ते बहुधा नाहीच.