घास वाळवायला घेणार असाल तर

आमच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात नुसतं ‘घास’ म्हटलं की लसूणघासच, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचं पीक. लसणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मेथीच्या गोतातला तो, म्हणून काही भागात मेथीघासही म्हणतात. सहा गायी आणि पंचवीस गुंठे घास यावर मी दुधाचा धंदा मांडला, तेव्हा घास कापायचा आणि ओलाच गव्हाणीत टाकायचा, एवढंच मला येत होतं. वाळवायची गरज पहिल्या पावसाळ्यात कळली. थंडीत घास गायींना पुरून उरतो आणि पावसाळ्यात पाणी साचलं की मुळ्या कुजायला लागतात. म्हणजे फेब्रुवारीचं जास्तीचं जुलैला पुरवायचं.

लागवडीबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. आमच्याकडे राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा वाण चालतो, नीट सांभाळला तर तीन वर्षं कापता येतो. एकरी दहा किलो बी, एक-एक फुटावर ओळी, बियाला रायझोबियम (हवेतला नत्र मुळाशी बांधणारं जिवाणूखत) चोळायचं. त्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाका, म्हणजे अमरवेलीचं, घासावरच जगणाऱ्या पिवळ्या दोऱ्यासारख्या वेलीचं, बरंच बी निघून जातं. मग साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. तरी शेतात कुठे पिवळा दोरा दिसलाच तर तेवढा भाग घासासकट कापून जाळा. मागे ठेवलेली एक वेल महिन्याभरात अख्खा वाफा धरते. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, पुढे तीन-साडेतीन आठवड्यांनी.

आता वाळवण. घासातली दोन तृतीयांशाच्या आसपास प्रथिनं पानात असतात. आणि पान अर्ध्या दिवसात वाळतं, काडीला दोन दिवस लागतात. सगळी गंमत इथेच आहे. काडी वाळायची वाट बघाल तर पान कुरकुरीत होऊन गळतं, पान वाचवायला लवकर उचलाल तर काडीतली ओल गंजीत जाते.

मी दोन्ही करून बघितलं. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक वाजता घास उलटवला. दाताळं मारलं की नुसता चुरा उडायचा. शेजारचे तात्या बांधावर उभे होते, म्हणाले, “आरं, काड्याच ठेवायच्या तर तुरीच्या ठेव की, त्या चुलीला तरी चालतील.” गायींनीही तेच ठरवलं, गव्हाणीत काड्या तशाच राहिल्या.

पुढच्या खेपेला आभाळ भरून आलं म्हणून घाईने उचलला आणि गंज मारून वर ताडपत्री बांधली. पाचव्या दिवशी गोठ्यात तंबाखूसारखा वास यायला लागला. गंजीत कोपरापर्यंत हात घातला तो झटक्यात बाहेर काढला, इतकी धग. ओल्या काडीचा श्वास चालूच असतो, त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात, आतली उष्णता वाढत जाते. सत्तर अंशांच्या पुढे गेली तर गंज आपोआप पेटूही शकते. आमची पेटली नाही. फोडली तेव्हा मधला भाग तपकिरी आणि वर पांढरी भुरी. तो घास उकिरड्यावर गेला. बुरशीचा घास गाभण जनावराला तर चुकूनही घालू नका.

आता असं करतो. दहातली एखादी काडी फुलावर आली की कापतो. थंडीत फुलं लांबतात, तेव्हा बुडाशी बोटभर नवे फुटवे दिसले की पुरे. दव उठल्यावर कापायचं, पातळ पसरायचं. उलटवायचं ते दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, पान दवाने मऊ असताना. मग शेडमध्ये तारांवर सावलीत. हिरवा रंग टिकतो, आणि रंग टिकला म्हणजे जीवनसत्त्व अ ज्यापासून बनतं ते कॅरोटीनही बऱ्यापैकी टिकलं.

वाळला की नाही हे बघायला नखाने काडी खरवडा. साल सुटून आली तर थांबा. आणखी खात्री हवी असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर घासाचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. मला हे इतकं आवडलं की पहिल्या वर्षी घरातली लोणच्याची बरणी गोठ्यातच मुक्कामाला होती.

गठ्ठे लाकडी पेटीत पायाने दाबून सुतळीने बांधतो, बारा-पंधरा किलोचा एक. खाली विटा, त्यावर फळ्या. भिंतीपासून हातभर लांब. प्लॅस्टिक थेट अंगावर टाकलं की खाली घाम धरतो, त्यापेक्षा पत्र्याचं छप्पर बरं. साधारण साडेचार किलो ओल्याचा एक किलो सुका होतो, हा हिशोब विकताना विसरू नका.

खाऊ घालताना दुभत्या गायीला दिवसाला दोन-तीन किलो, कडबा आणि मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या ओल्या चाऱ्याच्या) जोडीने. ओला घास उपाशी पोटी खाल्ला की पोट फुगतं, सुक्यात ती भीती फारच कमी. पण विण्याआधीचे तीन आठवडे गायीचा घास बंद करा. त्यात कॅल्शियम भरपूर, त्यामुळे शरीर हाडातून कॅल्शियम ओढायची सवय सोडतं, आणि व्यायल्यावर दूध उतरताच गाय बसते, तिला उठताच येत नाही. माझी एक बसली होती. रात्री अकराला डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, तेव्हा पहाटे उठली. बोकडांनाही नुसत्या घासावर ठेवू नका, मुतखडा होतो.

गठ्ठे बांधून झाले की खाली पानांचा चुरा उरतो. तो मी झाडून पोत्यात भरतो. तीन आठवड्यांच्या वासरापुढे मूठभर ठेवला की आधी फुंकरीने उडवतं, मग नाकाला चिकटलेला जिभेने चाटतं, आणि दुसऱ्या दिवशी पोत्याची खसखस ऐकली की दाव्याला ओढ देतं.