गाडीच्या कामासाठी इलेक्ट्रिक इम्पॅक्ट रेंच कसा निवडायचा

इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देत नट-बोल्ट सोडायचं आणि आवळायचं मशीन, घ्यायचा म्हटलं की पहिली नजर जाते ती डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर, 1000 न्यूटन मीटर (पीळ देण्याच्या जोराचं माप), 1400 न्यूटन मीटर वगैरे, आणि बरेच जण तिथेच फसतात. घरच्या गाडीच्या कामाला एवढा जोर बहुतेक वेळा लागतच नाही, आणि तो जोर घेताना वजनही सोबत येतं हे गाडीखाली आडवं पडून मशीन वर धरायची वेळ आली की कळतं.

आधी हिशोब बघू. कारच्या चाकाचे नट साधारण 90 ते 140 न्यूटन मीटरला आवळायचे असतात, तुमच्या गाडीचा नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गंजलेला किंवा कुणीतरी वाट्टेल तसा आवळून ठेवलेला नट सोडायला याच्या दुप्पट, कधी तिप्पट जोर लागतो. ड्राईव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) मोठा नट बऱ्याच गाड्यांत 200 ते 300 च्या घरात असतो. म्हणजे 400 ते 600 न्यूटन मीटर खरोखर देणारं मशीन चाकं, ब्रेक, सस्पेन्शन ही सगळी कामं आरामात करतं. इथे 'खरोखर' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मशीनला दोन आकडे असतात, एक नट सोडायचा आणि एक आवळायचा, सोडायचा नेहमी मोठा असतो आणि जाहिरातीत बहुतेक तोच ठळक छापतात. दोन मशीनची तुलना करताना सोडायचा आकडा सोडायच्या आकड्याशीच लावा, नाहीतर काहीच अर्थ नाही.

हे मशीन नुसतं जोरात फिरवत नाही तर ठोकतं. नट अडला की आतला हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो आणि सुटून पुढच्या दांड्यावर आदळतो, मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. म्हणूनच एवढा जोर असून मनगटाला पीळ बसत नाही, आणि म्हणूनच ठोक्यांना झटक्यात ताकद देणारी बॅटरी लागते.

तर बॅटरी. 18 व्होल्ट आणि 20 व्होल्ट मॅक्स असं लिहिलेलं दिसतं ते एकच असतं, आत पाच लिथियम सेल एका ओळीत, फुल चार्जला 20 च्या आसपास आणि चालताना 18, त्यामुळे 20 वाल्यासाठी जास्त पैसे घालू नका. फरक पडतो तो अँपियर अवरने, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेने. 2 अँपियर अवरच्या पॅकमध्ये साधारण सेलची एकच ओळ असते, 5 वाल्यात दोन ओळी, लोड वाटला जातो आणि व्होल्टेज फारसं घसरत नाही. तेच मशीन छोट्या बॅटरीवर नट सोडत नाही आणि मोठ्या बॅटरीवर सोडतं, इतका फरक जाणवतो. तुमच्याकडे आधीपासून एखाद्या कंपनीचं ड्रिल असेल आणि त्याच्या चांगल्या बॅटऱ्या असतील तर त्याच सिरीजचं नुसतं मशीन घ्या, वाचलेल्या पैशात चांगल्या गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) येतील. मोटर ब्रशलेसच घ्या, कमी गरम होते, बॅटरी जास्त पुरते आणि कार्बन बदलायची भानगड नाही.

वायरवालं मशीन वाईट नाही, एकाच जागी प्लग जवळ असताना काम करणार असाल तर ते वर्षानुवर्षं चालतं आणि बॅटरी म्हातारी व्हायचा प्रश्न नाही, फक्त ते जड असतं आणि वायर चाकात, जॅकमध्ये अडकते. गाडीच्या सिगारेट सॉकेटवर चालणारी मात्र सरळ सोडून द्या, तिथून पुरेशी पॉवरच मिळत नाही.

ड्राईव्ह, म्हणजे गोटी बसते ते चौकोनी टोक, अर्धा इंचाचा घ्या, चाकं आणि सस्पेन्शनसाठी हाच. 3/8 इंचवाला छोटा रेंच इंजिनच्या आजूबाजूला, अडचणीच्या जागी फार कामाचा आहे, पण तो दुसरं मशीन म्हणून. पाव इंची हेक्सवाला इम्पॅक्ट ड्रायव्हर हा स्क्रूसाठी असतो, त्याला ॲडॉप्टर लावून चाकाचे नट सोडायच्या नादी लागू नका. मशीन हातात घेऊन बघता आलं तर बॅटरी लावून बघा आणि डोक्याची लांबी मोजा, चाकाच्या कमानीत डोकं आणि गोटी मिळून मावली पाहिजे. तीन स्पीड हवेत, आणि उलटं फिरवताना नट सुटला की आपोआप थांबणारा मोड असेल तर नट उडून गाडीखाली जात नाही, मला हे फीचर फालतू वाटत नाही.

गोट्यांवर कंजूषी नको. चकचकीत क्रोमच्या गोट्या हातपान्यासाठी असतात, ठोक्यांनी त्या तडकून तुकडे उडू शकतात. काळ्या, क्रोम मॉलिब्डेनमच्या, सहा कोनी इम्पॅक्ट गोट्याच लावायच्या. बऱ्याच गाड्यांना 17, 19 किंवा 21 मिलिमीटरची लागते, अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीची, बाहेरून प्लास्टिकचं कव्हर असलेली लांब गोटी घ्या म्हणजे रिमला ओरखडे पडत नाहीत. मध्ये जितकी एक्स्टेंशन आणि ॲडॉप्टर लावाल तितका ठोका वाटेतच मरतो.

वापरताना, गंजलेल्या नटाला आधी गंज सोडवायचं तेल मारून थांबा, मग गोटी पूर्ण आत बसवून ट्रिगर दाबा. पहिले दोन-तीन सेकंद नुसतं कडकड वाजतं, आट्यांतून तांबूस भुकटी गळायला लागते, मग आवाज एकदम हलका होतो, म्हणजे सुटला. दहा सेकंदांतही हलला नाही तर दाबून धरू नका, पुन्हा तेल मारा, थोडा आवळून परत सोडा. लॉकिंग नटाच्या (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटाच्या) चावीवर मशीन लावायचं नाही, ती फुटते. स्पार्क प्लग, ऑइलचा ड्रेन बोल्ट, ॲल्युमिनियममधले आटे, इथेही नाही.

आणि आवळायला मशीन नको, निदान शेवटपर्यंत तरी नको. नट हाताने तीन-चार आटे चढवा, मग सगळ्यात कमी स्पीडवर नुसता टेकवा, गाडी खाली घ्या आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळायच्या हातपान्याने) मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. जास्त आवळलं की स्टड (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) ताणला जातो, आटे जातात, कमीजास्त आवळलं की डिस्कवर वाकडा ताण येतो. म्हणून बजेट ठरवतानाच टॉर्क रेंच त्यात धरा. गॉगल आणि कानाला प्लग लागतातच, आवाज 100 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावूनच. चाक बसवून 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की सगळे नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासा.